होडीला बरी म्हणू नये

बाबा,

परवा मी एका मुलीच्या होडीला नावं ठेवली आणि काल तिच्या आईने फोन करून मला चांगलं फैलावर घेतलं. "मॅडम, एवढीशी पोर, सगळी सुट्टी खपून तिने ते जहाज केलं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगता पुढची नाळ वाकडी आहे म्हणून? दोन शब्द बरे बोलला असता तर जीभ झिजली असती का?" मी गप्प ऐकून घेतलं. मी आणि गप्प! तुम्हाला खोटं वाटेल. डिचोलीत वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही काही जण रविवारी जमतो, लहान लहान जहाजं करतो, बहुतेक सगळी माझ्या निम्म्या वयाची मुलं. कोणी एक फळी चिकटवली तरी तिचा फोटो मोबाईलवर येतो आणि खाली टाळ्या, अंगठे, फुलं. "एक नंबर!" "खूपच छान!" ते "छान" वाचलं की मी मोबाईल पालथा घालते. का ते त्या बाईला फोनवर कसं सांगणार? म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा जरा दम धरा.

आपला बाल्कांव, पुढच्या दारातली ती बसायची पडवी. रविवारी दुपारची जेवणं उरकली की तुम्ही आतलं मेज बाहेर ओढत आणायचात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, उचला! ओढताय काय? पाय मोडतील त्याचे!" मेजावर जुनी चादर पडते, तिच्यावर शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, सरसाची वाटी, पेजेच्या पाण्यात कडक केलेले धोतराचे तुकडे, आणि आईचे कपडे वाळत घालायचे झाडून सगळे चिमटे, कारण सरस सुकेपर्यंत फळी धरून ठेवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. रविवारी आपल्या घरचे कपडे दोरीवरून उडून शेजाऱ्यांच्या केळीत जात आणि आई त्याचा हिशेब आठवडाभर तुम्हाला ऐकवत असे. मग सायकलची घंटा वाजते. पदेरमाम आले. सकाळी आपल्या भट्टीतले पावाचे उंडे घालून जाणारा माणूस दुपारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत पिशवीत होडी घेऊन येतो. त्यांच्या मागोमाग पाळीहून फिटरकाका, खाणीवरच्या वर्कशॉपमधले, मूळचे कोल्हापूरकडचे. गोव्यात नोकरीला येईपर्यंत त्यांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितला होता. आणि तुम्ही मराठी शाळेतले मास्तर, लहानपण हरमलला आजोळी गेलेलं, मामाच्या शिडाच्या पडावावर. एक मास्तर, एक पदेर आणि एक फिटर. आई म्हणायची, "ह्या तिघांना एकत्र बघून लोकांना वाटत असेल, काहीतरी लग्नाचं जमवतायत."

शिकणं म्हणजे काय ते मी शाळेत नव्हे, त्या मेजावर बघितलं. तुम्ही पट्ट्या पेजेच्या वाफेवर धरून वाकवायचात, त्या हमखास तडकायच्या. मग पदेरमामनी एकदा तुम्हाला नि मला भट्टीवर नेलं. पाव काढून झाल्यावर भट्टीत जी मंद धग उरते तिच्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून पट्ट्या ठेवल्या. मी सारखी उचलून बघत होते. "गो बाये, घाय करूं नाका. ताका तापूंक दी, मागीर तें आपणेंच वांकता." आणि खरंच, बाहेर काढली तेव्हा पट्टी कणकेसारखी वळत होती. फिटरकाकांनी सायकलच्या स्पोकला धार लावून बारीक भोकं पाडायचा सामता करून दिला, तो तिघांनी वापरला, मी अजून वापरते. दोऱ्याला मेण लावून पीळ कसा घट्ट बसवायचा ते तुमचं. खरवतीच्या पानाने लाकूड घासायचं, तेही तुमचं. कोणी काही लपवून ठेवलं नाही. आज आमच्यातली एक-दोन मुलं आपली युक्ती सांगताना आधी इकडेतिकडे बघतात, तेव्हा मला त्या भट्टीची धग आठवते.

पण नियम होता. होडी मेजावर आली की प्रत्येकाने तिच्यातली एक खोड सांगायची आणि ती काढायची कशी तेही सांगायचं. नुसती खोड सांगणाऱ्याला चहा नाही. आणि बरी म्हणायचं नाही, काही झालं तरी नाही. मी पहिल्यांदा फिटरकाकांच्या होडीला "किती सुंदर!" म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं मी देवासमोर चप्पल घालून उभी आहे. "अगो, पाण्याला लागेपर्यंत होडीला बरी म्हणू नये. आजोळी कोण म्हणत नाही. दृष्ट लागते." दृष्टीवर तुमचा विश्वास होता की नाही देव जाणे, तुम्ही शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घालायचात. पण नियम तुम्ही पाळलात आणि तो तिघांच्या अंगात भिनला. फिटरकाका तुमच्या शिडाकडे बघून म्हणायचे, "आवं मास्तर, ह्ये शीड हाय का लग्नाचा मांडव? तळाकडनं दोन बोटं कापा की." तुम्ही त्यांना म्हणायचात, "तुमचं हे जहाज नव्हे, रणगाडा आहे. लाकूड करा आतून पातळ, बुडेल नायतर." पदेरमामची होडी दर वेळी पोटात फुगलेली. "माम, उंडा केलात तुम्ही उंडा!" हे मी म्हणायची आणि ते खदाखदा हसायचे. जितक्या खोडी जास्त तितका माणूस खुशीत घरी जाई. कारण कोणीतरी आपली होडी हातात धरून, उजेडाला नेऊन, डोळा मिटून कण्याच्या रेषेत नीट बघितली, एवढं त्याला कळलेलं असायचं.

माझी नजर तर घारीची, असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. तुमच्या प्रत्येक होडीत मला काहीतरी सापडायचंच. कधी एका बाजूला वल्ही तीन आणि एका बाजूला दोन, कधी नांगराचा दोर चुकीच्या खुंट्याला. "सापडली बघ हिला!" म्हणून तुम्ही मेजावर थाप मारायचात आणि चहात माझ्यासाठी जास्तीची साखर पडायची. मी वर्गातल्या मुलींना सांगत फिरायची की माझ्या बाबांना माझ्याशिवाय होडी करताच येत नाही.

मग राजभाषेचं आंदोलन आलं. भिंती रंगल्या, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, शाळा बंद. तुम्ही मराठीच्या मोर्चाला गेलात, पदेरमाम कोंकणीच्या सभेला. तरी रविवार चुकला नव्हता. त्या दिवशी तुम्ही घासता घासता बोललात. रागाने नव्हे, वर्गात समजावून सांगता ना त्या सुरात. तोच वाईट. "अहो माम, पण कोंकणी ही आपल्या मराठीचीच बोली ना? उद्या माझी शाळा बंद पडली तर ही मुलं शिकणार कुठे?" पदेरमामनी हातातलं खरवतीचं पान खाली ठेवलं. "मास्तर, म्हजे आवयन म्हाका जे भाशेन न्हिदयलो, ती भास न्हय?" तुम्ही परत लाकूड घासायला लागलात. तुम्हाला शाळेची भीती होती, त्यांना ज्या आईने त्या भाषेत निजवलं तिचा अपमान झालेला दिसत होता, आणि मी चौदा वर्षांची, मला दोघांचाही राग आला होता. तुम्ही त्यांची मागितली नाहीत ती माफी मला अजून खुपते, पण ती माझी बाब नव्हे.

पुढच्या रविवारी ते आले. होडी आणली नव्हती. तुमची मेजावर होती, डोलकाठी नुकतीच उभी केलेली आणि पुढे सरळ सरळ झुकलेली, आंधळ्यालाही दिसावी अशी. पदेरमामनी ती हातात घेतली नाही. कदेलावर बसलेही नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "बरी जाल्या, मास्तर. खूब बरी जाल्या." आणि सायकल काढून गेले. तुमचा चेहरा उतरला. फिटरकाका स्पोक बोटांत फिरवत म्हणाले, "वाईट झालं मास्तर. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." उंडे रोज सकाळी यायचे. आई घ्यायची, तुम्ही खायचात. रस्त्यात भेटलात तर "बरें मू?" "बरं बरं." सगळं कसं गोड. त्या गोडव्याने घर आंबून गेलं होतं. झुकलेली डोलकाठी तुम्ही तशीच ठेवलीत, सरळ करायला एक दुपार पुरली असती तरी.

राजभाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झालं, शाळेत पेढे वाटले, तुमची शाळा काही बंद पडली नाही. आणि एका सकाळी, आई दारात पाव घेत असताना, रस्त्यावरून सायकलवर एक पाय टेकून पदेरमाम एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली: "मास्तर! तुजी डोलकाठी फुडें वांकल्या! कुड्ड्यान उबी केल्या काय कितें?" आंधळा म्हणाले तुम्हाला! तुम्ही दाढीचा साबण तोंडाला तसाच, धावत बाहेर. "मग ती काढू कशी, ते सांगा की!" "आयतारा सांगतां!" म्हणजे रविवार परत सुरू. तुम्ही आत आलात ते हसत होतात आणि साबणाचा फेस गालावरून गळ्यात उतरत होता. आई म्हणाली, "आता रडताय कशाला?" तुम्ही म्हणालात साबण डोळ्यांत गेला. त्या वर्षी त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला वाळवंटीत तुम्ही तिघांनी आपापल्या होड्या सोडल्या, दिवे लावून, आणि फिटरकाकांचा रणगाडा थोडा पुढे जाऊन सावकाश बुडाला. किती हसलो आपण!

हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगतेय कारण मला "छान" ह्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता असं मला कधीच म्हणता येणार नाही. आपल्या घरात वाढलेल्या मुलीला तो नेमका कळतो.

माझी पणजीला नोकरी लागली, लग्न होऊन मी म्हापशाला गेले. फिटरकाका निवृत्त होऊन गावी परतले. तुमची उजवी बाजू गेली ती त्याच सुमारास. बोलणं अडखळायला लागलं. आई म्हणायची, आता होड्या सुटल्या. सुटल्या कसल्या! तुम्ही डाव्या हाताने परत सुरू केलंत. हरमलच्या मामाचा पडाव करायचा होता. एक फळी बसवायला कधी कधी आठवडा जायचा. आई चिमटे लावायची, शिव्या घालत घालत, पण लावायची. पदेरमाम पट्ट्या भट्टीतून वळवून आणून द्यायचे आणि उरलेल्या खोडी काढायचे. मी शनिवारी येऊन जाऊन असायची. यायची म्हणजे काय, पोराला आईच्या मांडीवर टाकायची, जेवायची, पोराला उचलून परत निघायची.

एका शनिवारी पडाव पुरा झाला. ती गोष्ट मी आजवर सगळ्यांना अशी सांगत आले: बाबा जनेलापाशी उजेडात कदेलावर बसले होते. मांडीवर पडाव. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे धरला आणि हात थरथरत होता. फळ्या वरखाली, दोर सैल. त्या हाताकडे बघून मला गलबलून आलं, खोड काढायला जीभ वळेना, आणि मी म्हणाले, "छान झालाय हं, बाबा. खूपच छान." 

आईने मागाहून सांगितलं ते असं. मी गेल्यावर तुम्ही बराच वेळ पडाव मांडीवर घेऊन बसलात. मग तिच्याकडे तुवाल मागितलात. तिला वाटलं, तोंड पुसायला. तुम्ही तो पडावावर टाकलात आणि कपाटावर ठेवायला सांगितलंत. परत खाली काढू दिला नाहीत. रविवारी पदेरमाम आले तर त्यांनाही दाखवला नाहीत. मी पुढच्या शनिवारी विचारलं, "पडाव कुठे गेला?" तुम्ही डावा हात हलवलात, म्हणजे राहू दे. मी राहू दिला. पोराला पाव भरवत होते मी. दिवाळीपर्यंत तुम्ही काहीही केलं नाहीत, पेपरसुद्धा वाचला नाहीत, आणि दिवाळी झाल्यावर गेलात.

तुमचे दिवस झाल्यावर पदेरमाम आले. आईने त्यांना कपाटावरचा पडाव काढून दिला. तुवाल बाजूला करून त्यांनी तो उजेडाकडे नेला, डोळा मिटून कण्याच्या रेषेत बघितलं, सवयीने, आणि मग मागची बाजू फिरवली आणि तसेच थबकले. सुकाणू उलटं बसवलेलं होतं. पातं बोटीच्या आतल्या बाजूला, मूठ बाहेर, पाण्यावर. लहान पोरालाही दिसेल. मी म्हटलं, "हात चालत नव्हता ना त्यांचा, चुकून बसलं असेल." पदेरमामनी मान हलवली. "चुकून न्हय गो बाये. हें तुजे खातीर. दर एके होडयेक एक खोड तो तुजे खातीर दवरतालो. आमकां सांगिल्लें, तोंड उगडूं नाकात, चेडवाक सोदूंक दियात." म्हणजे तुम्ही ती मुद्दाम ठेवायचात, पोरीला शोधू द्या म्हणून. दोन आणि तीन वल्ही. नांगराचा दोर. सगळं. माझी घारीची नजर!  पदेरमाम पडाव हातात धरून रडत होते आणि रडता रडता मलाच समजावत होते, "तुका ताची काकळूट आयली, म्हूण तूं बरें उलयलें. तातूंत पातक ना." काकळूट म्हणजे दया. मी मान डोलावली. दया आली म्हणून बोलले. आईलाही तेच सांगितलं, तिने तुमच्या फोटोकडे बघून डोळे टिपले आणि मला जवळ घेतलं. ती जाईपर्यंत हीच गोष्ट नातेवाइकांना सांगायची, बापाचं दुःख न बघवलेली लेक म्हणून. मी एकदाही तिला थांबवलं नाही. पदेरमाम गेले तेव्हाही ती दया माझ्या नावावर जमा होती.

पडाव आता माझ्याकडे आहे, म्हापशाला, टीव्हीच्या वर. आज सकाळी खाली काढून मी तो उजेडाला धरला. बाबा, दोर सैल नाहीत. फळ्याही वरखाली नाहीत. डाव्या हाताने तुम्ही एक एक फळी अशी बसवलीय की बोट फिरवलं तर जोड लागत नाही. पुढच्या बाजूला थोडा फुगलाय, ती खोड पदेरमामच्या पट्टीची. आतून जरा घासून काढता आली असती. आणि सुकाणू. बाकी मला ह्यात काही सापडत नाही. वरखाली फळ्या आणि सैल दोर मी सगळ्यांना सांगत आले, ते कुठून आणले असतील मी? थरथरणाऱ्या हाताच्या गोष्टीला शोभावेत म्हणून.

ह्या कागदाची घडी करून पडावाच्या पोटात ठेवावी असा एक विचार आला होता. पण ते फारच नाटकी झालं असतं, तुम्ही खोड काढली असतीत. तेव्हा तो विजेच्या बिलांबरोबर खणात राहील. पाठवायचा तरी कुणाला? हे ज्यांना कधी कळलं नाही ते पदेरमाम आणि आई दोघंही गेले. राहता राहिलात तुम्ही, आणि तुम्हाला ह्यात नवीन काही नाही. त्या शनिवारी दारात स्कूटर सुरू होती, नवरा बाहेरून हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, सासरी बारशाला उशीर होत होता, आई पोराला घेऊन बाल्कांवात उभी होती आणि पोराचा एक बूट सापडत नव्हता. मी पलंगाखाली वाकून तो शोधत होते. तुम्ही अडखळत "बघ" म्हणालात आणि मी पलंगाखालूनच म्हणाले, छान झालाय हं बाबा, खूपच छान. तुमचा हात थरथरत होता की नव्हता, मला काय माहीत? मग बूट सापडला आणि मी निघाले. मी बघितलंच नव्हतं, बाबा. तुम्हाला ते तेव्हाच दिसलं होतं, तुमच्यासमोर माझी पाठ होती.